आखूड बाही

सँडी कोफॅक्सच्या कोटाची डावी बाही उजवीपेक्षा आखूड असायची. त्याचा डावा हात कोपरात वाकलेलाच राहू लागला होता, पूर्ण सरळ होईना. बाही दोन्हीकडे सारख्या मापाने शिवली तर डावी तळहातावर उतरायची. मग शिंप्याला सांगून ती तेवढी वर घ्यायची. तेव्हा तो जेमतेम तिशीला टेकला होता आणि बेसबॉलमध्ये त्याच्या तोडीचा चेंडू टाकणारा कुणी नव्हता.

मला ही बाहीची गोष्ट आधी कळली, त्याचे विक्रम नंतर. त्यामुळेच मी या माणसात इतकी गुंतले असेन.

धाकटा भाऊ लॉस एंजेलिसजवळ राहतो. दोन वर्षांपूर्वी उन्हाळ्यात तीन महिने त्याच्याकडे होते. भाची शाळेत सॉफ्टबॉल खेळते, चेंडू टाकते. एका संध्याकाळी ती मला हट्टानं डॉजर स्टेडियमवर घेऊन गेली. आत शिरल्यावर सेंटर फील्डच्या मागे मोकळी जागा आहे, तिथे दोन ब्राँझचे पुतळे उभे आहेत. एक जॅकी रॉबिन्सनचा, ज्यानं १९४७ मध्ये गोऱ्यांच्या मेजर लीगचं दार उघडलं. त्याचं नाव मला ठाऊक होतं. शेजारी चेंडू फेकण्याच्या ऐन आवेशातला दुसरा माणूस. "आत्या, हा कोफॅक्स. हा तिसाव्या वर्षी रिटायर झाला," भाची म्हणाली. मी सहज विचारलं, "का? खेळ उतरला होता?" ती म्हणाली, "नाही ना! त्या वर्षी तोच सगळ्यात बेस्ट होता."

त्या रात्री घरी आल्यावर मी त्याच्याविषयी वाचायला बसले ते पहाटेपर्यंत. नंतरचे कित्येक आठवडे तेच चाललं.

क्रिकेटवर वाढलेल्या माणसाला पिचर म्हणजे काय हे आधी नीट समजून घ्यावं लागतं. बोलर धावत येतो, पिचर धावत नाही. मातीचा गोल उंचवटा असतो, त्याला माउंड म्हणतात, त्यावर रबराची एक पट्टी रोवलेली. तिला पाय टेकवायचा आणि तिथूनच फेकायचं. समोरची होम प्लेट, जिथे बॅटर उभा असतो, ती १८.४४ मीटरवर, म्हणजे आपल्या खेळपट्टीच्या बावीस यार्डांपेक्षाही जवळ. धावण्यातून मिळणारा वेग नाही, म्हणून सगळा जोर पाय, कंबर आणि पाठ यांतून वर आणायचा आणि शेवटच्या क्षणी खांद्यातून, कोपरातून चाबकासारखा सोडायचा. आपल्याकडे कोपर वाकवून झटका दिला तर पंच नो-बॉल देतो. त्यामुळे क्रिकेटच्या जलदगती गोलंदाजाचे हाल होतात ते पाठीचे आणि गुडघ्यांचे. पिचरचं सगळं देणं कोपर फेडतं. हात मागे जाऊन पुढे झेपावतो तेव्हा कोपराची आतली बाजू उकलल्यासारखी ताणली जाते. एका सामन्यात शंभर-सव्वाशे वेळा, शिवाय सामन्याआधी हात गरम करताना टाकलेले चेंडू वेगळे.

आणि चेंडूला टप्पा नाही. जे काही करायचं ते हवेत. कोफॅक्सकडे मुख्यतः दोनच हत्यारं होती. पहिला फास्टबॉल: बोटं चेंडूच्या मागून खाली ओढली जातात, चेंडू उलटा फिरत जातो, हवा त्याला थोडी उचलून धरते आणि बॅटरच्या डोळ्याला तो शेवटी वर चढल्यासारखा दिसतो. खरं तर तो अपेक्षेपेक्षा कमी पडलेला असतो, एवढंच. दुसरा कर्व्हबॉल: फिरकी बरोबर उलटी, वरून खाली. चेंडू खांद्याच्या उंचीवर येतोय असं वाटतं आणि जिन्यावरून पाय घसरावा तसा तो गुडघ्यापाशी पडतो. त्याचा हात अगदी डोक्यावरून यायचा आणि बोटं विलक्षण लांब होती, त्यामुळे ही फिरकी त्याला इतरांपेक्षा जास्त देता येई. दोन्ही चेंडू एकाच उंचीवरून, एकाच लयीत सुटायचे. बॅटरला निर्णयासाठी अर्धा सेकंदही मिळत नाही, आणि तेवढ्यात त्याला यातला कोणता हे ओळखायचं असतं.

जन्म ३० डिसेंबर १९३५, न्यूयॉर्कमधल्या ब्रुकलिनचा. ज्यू कुटुंब. शाळेत त्याचा जीव बास्केटबॉलमध्ये. सिनसिनाटीच्या विद्यापीठात गेला तोही त्याच खेळावर, आणि मनात वास्तुरचनाकार व्हायचं होतं. १९५४ च्या डिसेंबरात ब्रुकलिन डॉजर्सनी त्याला करारबद्ध केलं: सहा हजार डॉलर पगार आणि चौदा हजारांचा बोनस. अठरा वर्षांच्या मुलासाठी ही मोठी रक्कम होती, पण तिला एक अट चिकटलेली होती. चार हजारांपेक्षा जास्त रक्कम देऊन घेतलेल्या नव्या खेळाडूला दोन वर्षं मुख्य संघातच ठेवायचं, शिकायला खालच्या लीगमध्ये पाठवायचं नाही, असा तेव्हाचा नियम. श्रीमंत संघांनी पैसे फेकून सगळी चांगली पोरं साठवून ठेवू नयेत म्हणून केलेला. हेतू चांगला, पण ज्यानं अजून धडपडायला हवं होतं त्याला तो नियम बाकावर बसवून गेला. त्याच्यासाठी जागा करायची म्हणून टॉमी लसोर्डा नावाच्या दुसऱ्या डावखुऱ्या पिचरला खाली पाठवलं. हाच लसोर्डा पुढे वीस वर्षं डॉजर्सचा मॅनेजर होता. आणि कोफॅक्स? पहिल्या दोन मोसमांत मिळून त्याच्या वाट्याला आल्या शंभर इनिंग. एका सामन्यात प्रत्येक संघाला अशा नऊ मिळतात, प्रत्येकीत तीन जण बाद होईपर्यंत.

त्यात एक दिवस असा यायचा की सगळे अवाक् व्हायचे. २७ ऑगस्ट १९५५ ला सिनसिनाटीविरुद्ध त्यानं चौदा जणांना स्ट्राइकआउट केलं, म्हणजे तीन स्ट्राइकमध्ये, फटका जुळू न देता बाद केलं. फक्त दोन हिट दिले, म्हणजे फटक्याच्या जोरावर दोनदाच बॅटर बेसवर, धावेच्या वाटेवरच्या थांब्यावर, पोचला. एकही धाव नाही. आणि एरवी कित्येक आठवडे त्याला हातच लावायचा नाही. हाताला काम नसलं की काय होतं? तो जास्त जोर लावायला लागतो. संधी मिळाली की एकेक चेंडू शेवटचाच असल्यासारखा टाकायचा, मग तो प्लेटच्या बाहेर, बॅटरच्या डोक्यावरून, कुठेही जायचा. १९५८ मध्ये संघ ब्रुकलिन सोडून लॉस एंजेलिसला आला, कोफॅक्सही आला, पण ताबा आला नाही. १९६० संपेपर्यंत सहा मोसमांत ३६ विजय, ४० पराभव; बेसबॉलमध्ये सामन्याचा निकाल पिचरच्या खाती मांडतात.

त्या मोसमाच्या शेवटी त्यानं आपलं सामान कचऱ्यात टाकलं. बूट, ग्लव्ह, सगळं. पुरे झालं म्हणून. ते सामान उचलून ठेवलं क्लबहाउस सांभाळणाऱ्या नोबी कावानोनं. पुढच्या वसंतात कोफॅक्सनं आणखी एक वर्ष प्रयत्न करायचं ठरवलं, तेव्हा त्याचं सामान जागेवर होतं.

मला या सगळ्या हकिगतीत कावानो फार जवळचा वाटतो. कपडे धुवायचे, बूट पुसायचे, टॉवेल मोजायचे हे त्याचं काम. त्यानं उपदेश केला नाही, समजूत घातली नाही. टाकलेलं उचलून ठेवलं. अशी माणसं सगळ्या घरांत, सगळ्या कारखान्यांत असतात.

मग १९६१ चा मोसमाआधीचा सराव. फ्लोरिडात ऑर्लँडोला एक बिनमहत्त्वाचा सामना. एक पिचर विमान चुकल्यामुळे पोचला नव्हता, म्हणून कोफॅक्सलाच जास्त वेळ टाकावं लागणार होतं. नेहमीप्रमाणे त्याचे चेंडू बाहेर जायला लागले, तो चिडून आणखी जोर लावू लागला. कॅचर, म्हणजे प्लेटमागे बसून चेंडू झेलणारा, होता नॉर्म शेरी. तो उठून माउंडवर गेला आणि म्हणाला ते एवढंच की जोर थोडा कमी कर, त्यांना मारू दे, मागे क्षेत्ररक्षक उभे आहेत. कोफॅक्सनं ऐकलं. आणि शेरीच्या ग्लव्हमध्ये येणारे चेंडू आधीपेक्षा जास्त वेगानं यायला लागले.

आपल्याकडे गाण्याच्या शिकवणीत गुरू सांगतात की गळा दाबू नकोस, सूर आपोआप लागेल. तेच हे. घट्ट आवळलेला स्नायू दुसऱ्या स्नायूला अडवतो, म्हणून सैल हात जास्त वेगानं सुटतो. सहा वर्षं ज्याच्यासाठी तो जिवाचा आटापिटा करत होता ते थोडं कमी करण्यात होतं. त्या मोसमात १८ विजय आणि २६९ स्ट्राइकआउट. मेजर लीगच्या दोन लीगांपैकी डॉजर्सची ती नॅशनल लीग, तिच्यातला स्ट्राइकआउटचा १९०३ पासूनचा विक्रम मोडला.

इथून पुढची पाच वर्षं बेसबॉलवाले हळू आवाजात सांगतात. १९६२ ते १९६६ या काळात १११ विजय आणि ३४ पराभव. ईआरए, म्हणजे नऊ इनिंगमागे पिचरच्या खाती पडणाऱ्या धावा, सलग पाच वर्षं लीगमध्ये सगळ्यात कमी. सलग चार वर्षांत चार नो-हिटर, म्हणजे समोरच्या संघाला एकही हिट न देता संपवलेले सामने. सर्वोत्तम पिचरचं साय यंग पारितोषिक तीनदा, तेही दोन्ही लीग मिळून एकच दिलं जायचं तेव्हा आणि तिन्ही वेळा एकमतानं. १९६३ च्या वर्ल्ड सीरिजमध्ये, म्हणजे दोन्ही लीगांच्या विजेत्यांमधल्या अंतिम मालिकेत, यँकीजच्या घरी, न्यूयॉर्कमध्ये, पहिल्याच सामन्यात त्यानं पंधरा जणांना स्ट्राइकआउट केलं.

पण मला आकड्यांच्या खाली हात दिसतो. १९६२ मध्ये बॅटिंग करताना बॅटची मूठ तळहातात रुतली आणि आतली रक्तवाहिनी चेंगरली. डाव्या हाताची तर्जनी पांढरी पडली, तिला स्पर्शच कळेना. ज्या बोटानं कर्व्हबॉल फिरवायचा तेच बोट. त्याच अवस्थेत ३० जूनला त्यानं पहिला नो-हिटर टाकला. पुढे बोट जायची वेळ आली तेव्हा कुठे त्याला थांबवलं. १९६४ च्या ऑगस्टमध्ये सेकंड बेसकडे झेप घेऊन परतताना तो डाव्या हातावर पडला. त्यानंतरही दोन सामने जिंकले आणि मग एका सकाळी उठला तेव्हा कोपर गुडघ्याएवढं सुजलेलं. डॉक्टर रॉबर्ट केर्लन यांनी निदान केलं: सांधेदुखी, कूर्चा झिजलेली, आणि हे परत पूर्ववत होणार नाही.

आता वाटतं की इथेच थांबायला हवं होतं. तो थांबला नाही. १९६५ च्या सरावात एक पूर्ण सामना टाकल्यावर दुसऱ्या दिवशी अख्खा हात आतल्या रक्तस्रावानं काळानिळा पडला होता. त्यानंतर त्या मोसमात तो किती खेळला? ३३५ इनिंगहून जास्त. २६ विजय, ३८२ स्ट्राइकआउट.

सामन्याआधी त्याच्या हाताला, खांद्याला आणि पाठीला कॅप्सोलिन नावाचं मलम चोळायचे. मिरचीत जो दाहक अंश असतो तोच त्यात. आपल्या हाताला मिरच्या चिरल्यावर जी आग होते ती आठवा आणि मग ती आग पाठीवर आणि खांद्यावर घेऊन अडीच तास उभं राहायचं आहे अशी कल्पना करा. वरच्या आगीनं आतलं दुखणं झाकायचं. गोळ्या घ्यायच्या, ज्या शर्यतीच्या घोड्यांनाही देतात. अधूनमधून सांध्यात सूज उतरवणाऱ्या कॉर्टिझोनची सुई. आणि सामना संपला की कोपर बर्फाच्या पाण्याच्या टबात बुडवून बसायचं. त्या टबाजवळ बसलेल्या कोफॅक्सची छायाचित्रं आहेत. चेहरा शांत आहे. जिंकलेल्या माणसाचा आनंद त्यात मी पुष्कळ शोधला, मला दिसतो तो फक्त थकवा.

माझी आई सांगलीत विद्यार्थ्यांना डबे द्यायची. तीस वर्षं. सकाळच्या पाळीला सत्तर, संध्याकाळी ऐंशी चपात्या. परीक्षेच्या दिवसांत जास्त. बाबांच्या पगारात भागत नव्हतं आणि आम्ही चौघं भावंडं. रात्री भांडी आवरल्यावर ती उजव्या खांद्याला लसूण घालून कढवलेलं तेल लावायची. मग गरम पाण्याची पिशवी. आम्ही अभ्यास करत असायचो आणि तेलाचा वास खोलीभर असायचा. तो वास म्हणजे घर, असंच आम्हाला वाटत आलं. तो दुखण्याचा वास होता हे मला त्या टबाचं छायाचित्र पाहीपर्यंत शब्दांत मांडता आलं नव्हतं.

९ सप्टेंबर १९६५. डॉजर स्टेडियम, समोर शिकागो कब्ज, २९,१३९ प्रेक्षक. शेवटच्या इनिंगचं रेडिओवरचं धावतं वर्णन आजही ऐकायला मिळतं. आवाज विन स्कली यांचा. मी बाळ ज. पंडितांच्या मराठी समालोचनावर वाढलेली, त्यामुळे मैदान न दिसता दिसतं म्हणजे काय हे मला सांगावं लागत नाही. स्कली मधेच घड्याळाची वेळ सांगतात, कोफॅक्स टोपी सरळ करतो, घाम पुसतो ते सांगतात, आणि शेवटचा चेंडू पडल्यावर बोलायचं थांबून नुसती गर्दी ऐकू देतात. सत्तावीस बॅटर आले, सत्तावीस परत गेले, एकही बेसवर पोचला नाही. त्याला म्हणतात परफेक्ट गेम. शेवटच्या सहाही जणांना त्यानं स्ट्राइकआउट केलं.

दुसऱ्या बाजूचा पिचर बॉब हेंडली. त्यानं त्या सामन्यात एकच हिट दिला, आणि जी एकमेव धाव झाली ती त्या हिटवर झालीच नाही. चार चेंडू बाहेर गेले म्हणून बॅटरला फुकट मिळालेला एक बेस, मग फटक्यावाचून धावून चोरलेला एक बेस, कॅचरची चुकीची फेक. आयुष्यातला सर्वात सुंदर दिवस आणि तो हरला. या सामन्याबद्दल बोलताना लोक त्याचं नाव घ्यायला विसरतात म्हणून मी मुद्दाम घेते आहे.

महिनाभरानं वर्ल्ड सीरिज आली, मिनेसोटाविरुद्ध. पहिला सामना ६ ऑक्टोबरला, आणि त्या दिवशी योम किप्पुर, ज्यूंचा सर्वात पवित्र, उपवासाचा दिवस. कोफॅक्स खेळला नाही. तो कर्मठ नव्हता, भाषण केलं नाही, निवेदन काढलं नाही. यापूर्वीही तो त्या दिवशी खेळत नसे. त्याच्या जागी डॉन ड्रायस्डेल उतरला आणि डॉजर्स ८–२ ने हरले. दुसरा सामना कोफॅक्स स्वतः हरला. मग पाचव्यात ७–० ने जिंकला आणि फक्त दोन दिवसांच्या विश्रांतीनंतर, १४ ऑक्टोबरला, सातव्या निर्णायक सामन्यात पुन्हा माउंडवर उभा राहिला. त्या दिवशी कर्व्हबॉल पडेचना. कोपर वळत नव्हतं. तेव्हा त्यानं आणि कॅचर जॉन रोझबरोनं कर्व्हबॉल जवळजवळ सोडूनच दिला आणि जगातल्या उत्तम बॅटरना फक्त फास्टबॉलवर, म्हणजे काय येणार हे माहीत असताना, नऊ इनिंग अडवून धरलं. तीन हिट, दहा स्ट्राइकआउट, २–० विजय.

एवढं करणाऱ्याला मालक काय देत होते? करारात अशी तरतूद असायची की संघ खेळाडूला वर्षानुवर्षं आपल्याकडेच बांधून ठेवू शके. दुसरीकडे जायची सोय नाही, म्हणजे पगार मागायचा तरी कशाच्या जोरावर? १९६६ च्या वसंतात कोफॅक्स आणि ड्रायस्डेल यांनी एक साधी गोष्ट केली. दोघं एकत्र गेले. एकाला सांगायचं की दुसरा एवढ्यात तयार आहे, आणि दुसऱ्याला पहिल्याचं नाव सांगायचं, ही व्यवस्थापनाची जुनी रीत त्यांनी जेवताना एकमेकांना सांगून उघडी पाडली. तीन वर्षांसाठी दोघांना मिळून दहा लाख डॉलर मागितले आणि सरावाला गेलेच नाहीत. ३२ दिवस. शेवटी कोफॅक्सला १ लाख २५ हजार, ड्रायस्डेलला १ लाख १० हजार. मागितलं त्याहून पुष्कळ कमी, तरी त्या काळात फार मोठं. पुढे नऊ वर्षांनी, १९७५ च्या डिसेंबरात, खेळाडूंना संघ बदलायचा हक्क देणारा निवाडा आला, त्यातला एक वादी अँडी मेसरस्मिथ, तोही डॉजर्सचा पिचर. पण दोन माणसांनी आकडे एकमेकांना सांगण्यापासून ती वाट सुरू झाली असं मी मानते.

१९६६ मध्ये त्यानं २७ सामने जिंकले, ईआरए १.७३. ही त्याच्या आयुष्यातली सर्वोत्तम कामगिरी, आणि ती त्या हातानं. शेवटच्या दिवशी, २ ऑक्टोबरला, फिलाडेल्फियात पुन्हा दोन दिवसांच्या विश्रांतीवर उतरून त्यानं संघाला लीगचं विजेतेपद मिळवून दिलं. वर्ल्ड सीरिजमध्ये बाल्टिमोरविरुद्ध हरला. क्षेत्ररक्षकानं एकाच इनिंगमध्ये तीन चुका केल्या.

१८ नोव्हेंबर १९६६ ला बेव्हर्ली हिल्समधल्या एका हॉटेलात त्यानं पत्रकारांना बोलावलं आणि सांगितलं की मी थांबतो आहे. कारण विचारल्यावर त्याचं म्हणणं असं होतं: बेसबॉलनंतर माझ्यापुढे पुष्कळ वर्षं आहेत आणि ती मला धड शरीरानं जगायची आहेत. गेल्या बारा वर्षांतल्या एकाही क्षणाचा पश्चात्ताप नाही, पण एक वर्ष जास्त खेळलो तर त्याचा होईल.

हे मी पुन्हा पुन्हा वाचलं. शिखरावर असताना खेळ सोडावा वगैरे बोलणं आपण ऐकतो, त्यात मानापमानाचा हिशोब असतो. लोकांनी 'का सोडलं' विचारावं, 'का सोडत नाही' असं विचारू नये, हा. कोफॅक्सच्या बोलण्यात लोक नाहीतच. त्यात एक हात आहे. हा हात माझा आहे, खेळ संपल्यावरही मला त्यानंच जेवायचं आहे, दाढी करायची आहे, असा साधा हक्क. सव्वा लाख डॉलरपुढे, पन्नास हजार लोकांच्या गर्जनेपुढे तो हक्क शाबूत राहिला, याचं मला त्याच्या परफेक्ट गेमपेक्षा जास्त कौतुक वाटतं.

ड्रायस्डेल खेळत राहिला आणि तीनच वर्षांनी, तेहतिसाव्या वर्षी, खांद्यानं त्याला थांबवलं.

आणि १९७४ मध्ये त्याच संघात दुसरा एक डावखुरा, टॉमी जॉन, चेंडू टाकता टाकता थांबला. कोपराच्या आतल्या बाजूचा स्नायुबंध तुटला होता. केर्लन यांचे सहकारी डॉक्टर फ्रँक जोब यांनी २५ सप्टेंबरला जे केलं ते त्याआधी पिचरवर कुणी केलं नव्हतं: उजव्या मनगटातला एक कंडरा काढला, डाव्या कोपराच्या दोन्ही हाडांना भोकं पाडली आणि नवा स्नायुबंध त्यातून ओवून बसवला. अंगठा आणि करंगळी एकमेकांना टेकवून मनगट थोडं आत वळवलं की मधोमध जी दोरी उठते तीच ही. काहींना ती जन्मतःच नसते आणि तिच्यावाचून त्यांचं काही अडत नाही. जोब यांच्या मते यशाची शक्यता शंभरात एक. टॉमी जॉन दीड वर्षानं परत आला, ४६ व्या वर्षापर्यंत खेळला आणि त्याच्या २८८ विजयांपैकी १६४ या शस्त्रक्रियेनंतरचे. आज शाळकरी मुलांचीही ही 'टॉमी जॉन' शस्त्रक्रिया होते. भाचीच्या संघातल्या मुलींनाही तिचं नाव पाठ आहे. ती इतक्या सहज उच्चारतात की माझ्या पोटात गोळा येतो. तुटलं तर शिवता येतं, म्हणून तुटेपर्यंत फेकायचं का? भाचीला मी हे विचारलं. ती म्हणाली, "आत्या, मी मोजते किती चेंडू टाकले ते." पाठीवरच्या पिशवीतून तिनं वही काढून दाखवली. तारखा आणि आकडे. मला एकदम हलकं वाटलं.

कोफॅक्स १९७२ मध्ये हॉल ऑफ फेममध्ये, बेसबॉलच्या थोर खेळाडूंच्या मानाच्या दालनात, गेला, छत्तिसाव्या वर्षी, आजवरचा सर्वात तरुण. काही वर्षं दूरचित्रवाणीवर बोलला, पण दहा वर्षांच्या करारातली सहाच पुरी केली. बोलणं हा त्याचा पिंड नव्हता. काही काळ दूर ईशान्येला मेन राज्यात राहिला. मग बरीच वर्षं डॉजर्सच्या खालच्या संघांतल्या पोरांना चेंडू टाकायला शिकवलं, म्हणजे जी शिकवणी बोनसच्या त्या नियमामुळे त्याला मिळाली नव्हती तीच दिली. जून २०२२ मध्ये पुतळ्याचं अनावरण झालं तेव्हा ८६ वर्षांचा, ताठ, केस पांढरे.

अमेरिकेहून आल्यावर मी सांगलीला गेले. आईला ऐंशी पुरी झाली. उजवा हात खांद्याच्या वर जात नाही. अंबाडा घालता येईना म्हणून एकसष्टाव्या वर्षी तिनं केस कापून घेतले होते. तेव्हा आम्ही सगळे म्हणालो, किती छान दिसतंय. दुपारी तिच्या डोक्याला तेल लावता लावता मी तिला कोफॅक्सची सगळी गोष्ट सांगितली. मलमाची, बर्फाच्या टबाची, बाहीची. तो तिसाव्या वर्षी थांबला, हेही.

ती बराच वेळ काही बोलली नाही. मग विचारलं, "त्याला पोरं होती का?"

"नाही. तेव्हा लग्नही झालं नव्हतं."

"मग बरोबर केलं त्यानं," ती म्हणाली आणि मला कानामागे नीट लागावं म्हणून मान थोडी डावीकडे कलती केली.